डेस्कटॉपवरचा ऑनलाइन गेमचा लॅग: शोध आणि दुरुस्तीच्या नोंदी

४ जानेवारी

तक्रार: ऑनलाइन नेमबाजीचा गेम लॅग मारतो, रात्री जास्तच. लाइन १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) डाउनलोड, २० अपलोड. स्पीड टेस्टला आकडे पूर्ण येतात, त्यामुळे ‘नेट तर चांगलं आहे’ असा निकाल आधीच लावून झालेला. तो निकाल सध्या बाजूला. स्पीड टेस्ट सेकंदाला किती माल जातो ते सांगते. गेमला हवं असतं ते वेगळं: छोटंसं पॅकेट (डेटाचा तुकडा) किती लवकर आणि किती नेमाने पोचतं. बहुतेक नेमबाजीच्या गेमना १ एमबीपीएससुद्धा लागत नाही.

मशीन: सहा कोरचा प्रोसेसर, रॅम १६ जीबी (८ च्या दोन पट्ट्या), ६ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर, विंडोज ११. नेट यूएसबी वाय-फाय अडॅप्टरवर, राउटर पलीकडच्या खोलीत.

‘लॅग’ म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातायत.

अ. खेळाडू पुढे जाऊन पुन्हा मागे खेचला जातो. गोळी लागलेली दिसते, पण धरली जात नाही.
ब. चित्र क्षणभर गोठतं आणि मग उडी मारून पुढे येतं.
क. माउस हलवला की नेम उशिरा सरकतो, हात जड वाटतो.

वेगळं काढायची सोपी रीत: गेमचा सराव विभाग, जो आपल्याच मशीनवर चालतो, तो नेट बंद करून खेळायचा. अर्धा तास खेळल्यावर ‘अ’ एकदाही नाही, ‘ब’ आणि ‘क’ जसेच्या तसे. म्हणजे ‘अ’ची वाट राउटरकडे जाते, बाकी दोन्ही डब्याच्या (कॅबिनेटच्या) आत आहेत. दोन तपास वेगळे चालवायचे, नाहीतर नेट सुधारूनही ‘काही फरक नाही’ ऐकायला मिळेल. एका वेळी एकच बदल, आधी आणि नंतर १० मिनिटं मोजणी.

५ जानेवारी

नेटची पहिली मोजणी. कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या, तिन्हींत एकाच वेळी पिंग (पॅकेट पाठवून उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं), प्रत्येकी ६०० पॅकेट (सेकंदाला एक, म्हणजे १० मिनिटं).

पहिली खिडकी घरच्या राउटरकडे. पत्ता आयपीकॉन्फिग या कमांडमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर मिळतो, इथे १९२.१६८.१.१. दुसरी इंटरनेट कंपनीच्या पहिल्या टप्प्याकडे. ट्रेसर्ट (पॅकेटच्या वाटेवरचे टप्पे दाखवणारी कमांड) चालवलं की राउटरनंतर येणारा पत्ता तोच. तिसरी गेमच्या सर्व्हरच्या गावातल्या एखाद्या पत्त्याकडे, कारण गेमचे सर्व्हर स्वतः पिंगला बहुधा उत्तर देत नाहीत.

राउटर: सरासरी ९ मिलिसेकंद, कमाल १८७, ६०० पैकी १४ पॅकेट गायब.
कंपनीचा पहिला टप्पा: सरासरी १४, कमाल २०३, गायब १५.
सर्व्हरचं गाव: सरासरी ४८, कमाल २४१, गायब १५.

हे आकडे वरून खाली वाचायचे. पहिल्याच पायरीवर १४ पॅकेट पडलीत, म्हणजे पुढच्या १५ पैकी जवळजवळ सगळी गळती घरातली. राउटर तर भिंतीपलीकडे आहे, तिथला पिंग १८७ वर जायला नकोच. कंपनीला फोन करायची वेळ अजून आलेली नाही.

पाथपिंग (प्रत्येक टप्प्यावरची गळती दाखवणारी कमांड) पाहताना नेहमी फसवणारी एक गोष्ट: मधल्याच एका टप्प्यावर ४०% गळती दिसते आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य. ती गळती नाही. मधला राउटर पॅकेट पुढे धाडायचं काम नीट करतोय, फक्त आपल्या पिंगला उत्तर देणं त्याच्या यादीत शेवटी आहे. एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकते तीच खरी गळती.

७ जानेवारी

अडॅप्टर कॅबिनेटच्या मागे, निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये, आणि शेजारच्याच पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क. याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. समोर पत्र्याचा डबा, मागे भिंत. त्यात यूएसबी ३ च्या डेटाचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पसरतो आणि अडॅप्टर नेमका त्याच पट्ट्यावर जोडलेला.

एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन लावून अडॅप्टर टेबलावर उघड्यावर आणला. ५ गिगाहर्ट्झचं नाव राउटरमध्ये वेगळं केलं आणि त्यालाच जोडलं. २.४ वरच राहायची वेळ असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच घ्यावा. मधले चॅनल दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडतात.

राउटरचा पिंग आता सरासरी ३, कमाल ४१, गायब १. सुधारणा मोठी, पण दर काही मिनिटांनी ३०-४० ची उडी आहेच. वाय-फायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि पॅकेट बिघडलं की पुन्हा पाठवावं लागतं. व्हिडिओ बघताना बफर हे झाकून टाकतो, गेममध्ये झाकायला जागाच नसते. जिथे केबल टाकणं शक्य आहे तिथे वाय-फायशी झुंजण्यात अर्थ नाही.

८ जानेवारी

कॅट ५ई केबल, १८ मीटर, दाराच्या चौकटीच्या कडेने. १०० मीटरपर्यंत कॅट ५ई गिगाबिट नेते, त्यामुळे घरात महागड्या जाड केबलचं काही अडलेलं नाही.

लिंक जुळली, पण नेटवर्क स्टेटसमध्ये वेग १ गिगाबिटऐवजी १०० एमबीपीएस. शिवाय दोनदा लिंक पडून पुन्हा जुळली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच (पिन १, २, ३, ६). म्हणजे उरलेल्या दोन जोड्यांपैकी कुठेतरी तुटलेलं. टेस्टर लावला: १, २, ३ पेटले, ४ अंधारात, पुढचे पेटले. पिन ४ म्हणजे निळी तार. प्लग उजेडात धरून समोरून पाहिलं तर सात तारांची तांबडी टोकं प्लगच्या भिंतीला टेकलेली, निळी दीड-दोन मिलिमीटर मागेच राहिलेली. पितळी दात तिच्यापुढे रिकाम्या जागेत बसला होता.

प्लग कापून नवा लावला. क्रम: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, आठही तारा एका रेषेत कापायच्या आणि क्रिंप करण्याआधी समोरून आठ टोकं मोजायची. बाहेरचं आवरण प्लगच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण तारांवर येतो.

लिंक १ गिगाबिट. राउटरचा पिंग १ च्या आत, कमाल १, गायब शून्य. वाय-फाय अडॅप्टर काढून ठेवला. नेटवर्क कार्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ बंद केलं. काही कार्डांवर ते चालू असताना लिंक अधूनमधून डुलकी घेते. इथे त्याने मोजता येण्यासारखा फरक पडला नाही, पण बंद ठेवण्यात तोटाही नाही.

९ जानेवारी

रात्री साडेआठपर्यंत सगळं सुरळीत. मग ‘अ’ परत. राउटरचा पिंग १ वरच, पण कंपनीच्या पहिल्या टप्प्याचा ४ वरून ३००, ४००, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ४. गळती नगण्य. पॅकेट हरवत नाही, नुसतं थांबतं, म्हणजे कुठेतरी रांग लागते.

ओळखायची चाचणी: एका खिडकीत पहिल्या टप्प्याकडे पिंग चालू ठेवायचा आणि दुसरीकडे एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवायची. मोकळ्या लाइनवर पिंग ४. डाउनलोड भरून चालू असताना ७०. अपलोड भरून चालू असताना ४८०.

याला बफरब्लोट म्हणतात. ओएनटीमध्ये (फायबरची लाइन घरात येते तो कंपनीचा डबा) बाहेर जाणाऱ्या पॅकेटसाठी बफर (तात्पुरती थांबायची जागा) असतो. अपलोड करणारा प्रोग्राम पॅकेट पडेपर्यंत वेग वाढवत नेतो, पण बफर मोठा असल्याने पॅकेट पडतच नाही, रांग मात्र लांबते. हिशेब सरळ आहे: बफरमध्ये १.२ मेगाबाइट साचले म्हणजे ९.६ मेगाबिट, २० एमबीपीएसच्या लाइनवर ते बाहेर पडायला ०.४८ सेकंद. आपल्या गोळीचं दीडशे बाइटचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं.

रात्री साडेआठलाच का, तर त्या सुमारास घरातले फोन वाय-फायवर येतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ चढवायला लागतात. राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत एका फोनचा अपलोड १९ एमबीपीएस दिसला. प्लॅन वाढवून हे जात नाही. लाइन ४० ची केली तरी फोन ४० भरणार, फक्त लवकर आटोपेल.

१० जानेवारी

राउटरच्या जुन्या ‘क्यूओएस’ (कोणाचं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवण्याच्या) पानावर डेस्कटॉपला सगळ्यात वरचा अग्रक्रम देऊन पाहिला. पिंग ४८० चा ४६०. कारण उघड आहे: रांग राउटरमध्ये नाही, त्याच्या पुढच्या ओएनटीमध्ये आहे. राउटर आपल्या दारातून गेमचं पॅकेट आधी सोडतो, पण पुढच्या दारात त्याला कोणी ओळखत नाही. अग्रक्रम चालायचा असेल तर रांग आधी राउटरमध्ये आणावी लागते, आणि त्यासाठी राउटरने लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडं कमीच पाठवायचं.

त्याच पानावर एकूण अपलोड १७ एमबीपीएसला बांधला. पिंग ६० वर उतरला. निदान पक्कं.

११ जानेवारी

कायमचा उपाय: ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) चालणारा राउटर आणि त्यावर एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारा प्रोग्राम). पायऱ्या क्रमाने, कारण उलटसुलट केल्या की तासभर नेट बंद राहतं.

ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे तो नुसता डेटा पुढे ढकलणार, बाकी काम राउटरचं. त्याआधी पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायची पद्धत) युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्यायचं. ब्रिज केल्यावर ते जुन्या पानावर दिसत नाही. व्हीलॅन क्रमांक (कंपनीने लाइनला दिलेला खूण-क्रमांक) असेल तर तोही. मग नव्या राउटरवर पीपीपीओई. ब्रिज न करता नुसता दुसरा राउटर मागे लावला तर डबल नॅट होतं (घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलायचं काम दोनदा): नव्या राउटरचा बाहेरचा पत्तासुद्धा १९२.१६८ ने सुरू होतो, आणि गेममध्ये नॅट ‘स्ट्रिक्ट’ दाखवतं.

एसक्यूएमचं पॅकेज टाकून: इंटरफेस पीपीपीओईचा, डाउनलोड ९०, अपलोड १८ (खऱ्या वेगाच्या ९०%, रकाना किलोबिटमध्ये असतो, म्हणून ९०००० आणि १८०००). रांगेची पद्धत केक, ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटवर चढणारं जादा वजन) ४४ बाइट. ओव्हरहेड कमी धरण्यापेक्षा जास्त धरलेला परवडतो. हार्डवेअर ऑफलोड (पॅकेट प्रोसेसरला टाळून थेट चिपमधून पाठवणं) बंद. तो चालू असेल तर पॅकेट रांगेला वळसा घालून जातात आणि एसक्यूएम चालू दिसूनही काही करत नाही. बऱ्याच तक्रारींचं मूळ या एका खुणेत असतं. ऑफलोड बंद झाल्यावर सगळा भार राउटरच्या प्रोसेसरवर येतो, त्यामुळे लाइन वेगवान असेल तर राउटरही तगडा लागतो.

अपलोड भरलेला असताना पिंग: ४८० वरून ११. डाउनलोड भरलेला असताना १३. केक प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतो. फोटोंचा प्रवाह स्वतःच्याच रांगेत ताटकळतो, गेमचं छोटं पॅकेट बाजूने निघून जातं. या सगळ्यामागचा कोडेल (रांगेत फार वेळ थांबलेलं पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला सावरायला लावणं) हा विचार २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडला. त्याच घराण्यातला एफक्यू-कोडेल २०१८ साली आरएफसी ८२९० म्हणून आला. जुन्या राउटरवर केक जड जात असेल तर एफक्यू-कोडेल चालवावा.

फोटोंचा बॅकअप कोणाचाही बंद करायला लावला नाही. गरजच उरली नाही.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासला: पीपीपीओईवर १४९२ यायला हवा. ‘तुकडे करू नको’ हा पर्याय देऊन १४६४ बाइटचा पिंग गेला (त्यात २८ बाइट हेडर मिळवले की १४९२), १४६५ चा अडला. बरोबर.

नव्या राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला, म्हणजे कंपनीच्या बाजूला सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता). त्याने पिंग वाढत नाही. स्वतः गेम होस्ट करायचा असेल किंवा खेळाडू थेट एकमेकांना जोडले जाणार असतील तेव्हा अडचण येते, आणि तेव्हा घरातलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं पॅकेट ठरलेल्या मशीनकडे वळवणं) काहीही करू शकत नाही. इथे गेम तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, म्हणून विषय बंद.

१२ जानेवारी

आग्रह होता म्हणून करून पाहिलेले, फरक न पडलेले उपाय. डीएनएस बदलणं: डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो, सामना सुरू झाल्यावर त्याचं काम नसतं. रजिस्ट्रीत नेगल (छोटी पॅकेट साठवून एकत्र पाठवणं) बंद करणं: तो टीसीपीचा नियम आहे, आणि नेमबाजीच्या गेमचा चालू सामना बहुधा यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर असतो. ‘विंडोज २०% बँडविड्थ राखून ठेवतं’ म्हणून पॉलिसी बदलणं: दंतकथा. डीएमझेड (बाहेरचं सगळं एका मशीनकडे येऊ देणं) केलंच नाही. त्याने पूर्ण मशीन बाहेरच्या जगाला उघडं पडतं आणि पिंग एका मिलिसेकंदानेही उतरत नाही.

१४ जानेवारी

आता डब्याच्या आत. ‘क’ आधी, कारण पाच मिनिटांचं काम. डिस्प्ले सेटिंगच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ निवडलेला. मॉनिटर १४४ चा, केबल डिस्प्लेपोर्टची, आणि चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतंय, ६.९ ने नाही. वर गेममध्ये व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेळेला जुळवून दाखवणं) चालू. १४४ केलं, व्ही-सिंक बंद, फ्रेमची मर्यादा १४० ला बांधली. हात हलका झाला.

१५ जानेवारी

‘ब’. एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) सरासरी आकडा इथे उपयोगाचा नाही. सरासरी ११८ आहे आणि तरी चित्र गोठतं. पाहायचा तो सगळ्यात मंद १% फ्रेमचा आकडा: ३१. म्हणजे अधूनमधून एकेक फ्रेम ३२ मिलिसेकंद खाते.

सीपीयू-झेड (मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडलं: रॅम सिंगल चॅनल (दोन वाटांऐवजी एकच), वेग २१३३. पट्ट्यांवर छापलेलं ३२००. कॅबिनेट उघडून पाहिलं तर दोन्ही पट्ट्या प्रोसेसरच्या बाजूने पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत, शेजारीशेजारी. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर शेजारच्या दोन खाचा एकाच चॅनलच्या असतात. दोन पट्ट्यांसाठी दुसरी आणि चौथी. टास्क मॅनेजर ‘४ पैकी २ खाचा वापरात’ एवढंच सांगतो, चुकीच्या खाचा सांगत नाही.

वीज बंद, वायर काढून, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला भार उतरवला, पत्र्याला हात लावून मगच पट्ट्या हलवल्या. दोन्ही टोकांचा ‘टक’ आवाज यायला हवा; एक टोक अर्धवट बसलं तर मशीन सुरूच होत नाही आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. रात्रभर मेमटेस्ट, चूक शून्य.

मंद १%: ३१ वरून ६८. सरासरी ११८ वरून १३३.

१६ जानेवारी

उरलेलं गोठणं नव्या भागात शिरतानाच होतं. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर डेडिकेटेड मेमरी (कार्डाची स्वतःची) ६ पैकी ५.९ जीबी, आणि शेअर्ड मेमरी (रॅममधून उसनी) वर चढतेय. टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’. ४.७ जीबी. मंद १%: ८९.

गेम किंवा ड्रायव्हर अपडेट झाल्यानंतरच्या पहिल्या काही सामन्यांत अडखळणं वेगळं असतं, तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्याने बनत असतात. त्या दिवशी मोजणी करायची नाही.

१८ जानेवारी

२५ मिनिटांनंतर एफपीएस ड्रॉप होतो, मशीन बंद करून तासाने सुरू केलं की पुन्हा २५ मिनिटं ठीक. हे वर्णन ऐकलं की तापमानच बघायचं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसर ९७ अंश, क्लॉक ४.२ वरून २.९ गिगाहर्ट्झ, ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (तापल्यामुळे वेग कमी करणं) समोर ‘येस’.

पंख्याखालच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची नमद्यासारखी गादी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर हवेच्या झोताने पंखा वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची उष्णता नेणारी जुनी पेस्ट खडूसारखी झालेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा.

तासाभराच्या खेळानंतर ७८ अंश, क्लॉक ४.२ वर स्थिर.

२१ जानेवारी

रात्री ८ ते ११ सलग चाचणी. फोनचे बॅकअप चालू, दुसऱ्या खोलीत व्हिडिओ चालू.

राउटर: कमाल १, गळती ०. पहिला टप्पा: सरासरी ५, कमाल १६. सर्व्हरचं गाव: सरासरी ३८, कमाल ५२, गळती १०,८०० पैकी ३. मंद १%: ९४. प्रोसेसर: कमाल ७९ अंश.

‘अ’ एकदा, ९:४० ला, साधारण वीस सेकंद. त्या वेळी तिन्ही खिडक्यांत काहीच हललेलं नाही आणि सामन्यातल्या सगळ्यांनी एकाच वेळी चॅटमध्ये लॅग लिहिलेला. तो सर्व्हरचा.

३८ चे ३० होतील का, हा प्रश्न. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद, आणि केबल कधी सरळ रेषेत जात नाही. गेममध्ये जवळचा सर्व्हर निवडता आला तरच हा आकडा उतरेल, डब्यात किंवा राउटरमध्ये त्यासाठी करण्यासारखं काही नाही.

राउटरच्या पोटाला चिकटवलेली चिठ्ठी: ‘एसक्यूएम ९०/१८. प्लॅन बदलला की हे दोन आकडे बदलायचे, नाहीतर नवा वेग जुन्याच आकड्यावर अडकेल.’

पुढची धूळसफाई जुलैमध्ये.